गाठीची रसद

पुणे-नगर रस्त्यावरील सणसवाडीत आमच्या धर्मग्रामातील काही कुटुंबे राहतात. बहुतेक मूळची श्रीरामपूर-राहाता भागातील. कारखान्यांच्या आधाराने इकडे स्थिरावली. त्यांपैकी एका घरची हकिकत त्यांच्या संमतीने, परंतु नाव न घेता, येथे सांगत आहोत. तीत आमची चूक आहे. म्हणूनच ती सांगणे आम्हांस उचित वाटते.

घरातील कर्ते गृहस्थ पंचेचाळिशीचे, व्यवसायाने फिटर. वजन घटू लागले, उजव्या बरगडीखाली दुखू लागले. तपासणीत यकृताचा कर्करोग निघाला. 'यकृत' हा शब्द कानी पडताच वस्तीने आपले निदान करून टाकले: माणूस चोरून पीत असणार. आम्हीही तेच गृहीत धरले. त्या रविवारी उपदेशात आम्ही मद्यपानाच्या दुष्परिणामांवर बोललो. नाव घेतले नाही. घेण्याची गरजही नव्हती. पुढच्या रविवारी ते कुटुंब मिस्सेला आले नाही. शेजाऱ्यांनी त्यांच्या घरचा चहा घेणे सोडले.

पंधरा दिवसांनी त्यांच्या पत्नीचा निरोप आला, "फादर, यांना मुंबईला टाटाला न्यायचंय. प्रार्थनेला याल का?" आम्ही गेलो. त्या गृहस्थांनी अहवाल पुढे ठेवला. रक्तात हिपॅटायटिस बीचा विषाणू होता. "फादर, मी आयुष्यात दारूला शिवलेलो नाही," एवढेच ते म्हणाले. आमची मान वर होईना.

परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात आम्ही त्यांच्यासोबत गेलो. १९४१ पासून हे रुग्णालय कर्करोग्यांचा आधार आहे. शस्त्रक्रिया शक्य नव्हती. डॉक्टरांनी दुसरा उपाय समजावला. यकृताला दोन वाटांनी रक्त मिळते. सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून अन्नरस आणणाऱ्या नीलेतून येते, उरलेले रोहिणीतून. गाठ मात्र मुख्यतः रोहिणीच्याच रक्तावर पोसते. म्हणून रोहिणीची नेमकी ती फांदी बंद केली, तर गाठीची रसद तुटते आणि यकृत दुसऱ्या वाटेवर तग धरते. ही दुसरी वाट खुली आहे ना, हे मात्र आधी तपासावे लागते.

जांघेतील धमनीतून बारीक नळी, क्ष-किरणांच्या चित्रात पाहत पाहत, गाठीच्या फांदीपर्यंत नेतात. तेथे तेलात मिसळलेले कर्करोगाचे औषध सोडतात आणि मग सूक्ष्म कणांनी ती वाट बुजवतात. रुग्ण बहुधा जागाच असतो. नंतर काही दिवस ताप, पोटदुखी, उलट्या होतात. जपानच्या यामादा यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली १२० रुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध केला होता. पुढे २००२ मध्ये बार्सिलोना व हाँगकाँग येथील अभ्यासांनी, योग्य रुग्णांचे आयुष्य याने वाढते, हे दाखवले. बहुतेकांचा रोग याने समूळ जात नाही, काळ मिळतो. डॉक्टरांनी हे लपवले नाही.

परतीच्या गाडीत एक विचार आमची पाठ सोडीना. केवळ गाठीचीच रसद तुटावी, निरोगी भागास धक्का लागू नये, म्हणून तेथे केसाएवढ्या वाटा तपासल्या जातात. आम्ही मात्र काहीही न तपासता एका माणसाची सगळीच रसद तोडली होती.

त्यानंतरच्या रविवारी त्याच जागी उभे राहून आम्ही क्षमा मागितली. मद्याने यकृत बिघडते, हे खरेच आहे. परंतु हा विषाणू बाळंतपणात आईकडून मुलाला, दूषित सुई व रक्तातून, तसेच शरीरसंबंधातून पसरतो. एका पंगतीत जेवल्याने किंवा एका कपातून चहा घेतल्याने नव्हे, हेही सांगितले. यावरील लस २०११ पासून देशभरच्या बाल-लसीकरणात आहे. त्यांच्या पत्नीची व मुलांची तपासणी झाली. थोरल्या मुलीला ती लस टोचलेली नव्हती. आता तिचे तिन्ही डोस पूर्ण झाले. वाचकहो, आपल्या घरी कोणाची तपासणी राहिली असेल, तर ती करून घ्यावी.

गेल्या महिन्यात त्यांच्यावर हाच उपचार तिसऱ्यांदा झाला. पुढे काय, ते परमेश्वरच जाणे. परवा आम्ही सणसवाडीस गेलो, तेव्हा ते अंगणात बसले होते. चहा झाला. शेजारच्या बाई आमच्याआधीच येऊन बसल्या होत्या. कप त्यांच्याही हाती होता.