उरलेले चार शब्द

सकाळचा चहा आणि वर्तमानपत्र ही जोडी म्हणजे सुखी माणसाची खूण, अशी माझी पुष्कळ वर्षांची समजूत होती. हल्ली या जोडीत तिसरा एक पाहुणा शिरला आहे, आणि खरे सांगायचे तर तोच आता यजमान होऊन बसला आहे. चहा निवून जातो, वर्तमानपत्राची घडी मोडत नाही. आणि सत्तरी गाठलेला मी, एक निवृत्त मराठी शिक्षक, औरंगपुऱ्यातील आमच्या जुन्या घराच्या ओसरीवर मोबाईलमध्ये डोके खुपसून सोळा इंग्रजी शब्दांकडे टक लावून बसलेला असतो.

ज्या वाचकांना हे व्यसन जडलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो. 'न्यूयॉर्क टाइम्स' या वृत्तपत्राने जून २०२३ मध्ये हे रोजचे कोडे सुरू केले. सोळा शब्द द्यायचे; सोडविणाऱ्याने त्यांचे चार-चारांचे चार गट पाडायचे; प्रत्येक गटातील शब्दांना बांधणारा धागा ज्याचा त्याने ओळखायचा. चार चुका झाल्या की खेळ आटोपला. यातली खरी लबाडी अशी की एकच शब्द दोन गटांत शोभेल अशी योजना मुद्दाम केलेली असते. न्यूयॉर्कच्याच एका दुसऱ्या पत्रात आर्थर विन या गृहस्थाने १९१३ च्या डिसेंबरात पहिले शब्दकोडे छापले. ते शब्दाचा अर्थ सांगून शब्द विचारते. हे नवे कोडे शब्दांची सोयरीक विचारते. आणि सोयरीक म्हटली की भानगडी आल्याच.

मला या नादी लावले माझ्या मुलीने. ती वीस वर्षे पुण्यात आहे. तिची आई गेल्यापासून आम्हां दोघांत बोलण्यासारखा विषय एकच उरला होता, आणि तोच न बोलण्यासारखा होता: मी हे घर विकून पुण्यास जावे की नाही. रोज फोन येई. प्रकृतीची चौकशी होई, पावसाची होई, आणि मग दोघेही गप्प. कार्ल युंग हा मनोवैज्ञानिक आपल्या रुग्णांपुढे शंभर शब्दांची यादी एकेक करून वाचीत असे, मनात येईल तो पहिला शब्द त्यांनी उच्चारावा असे सांगे, आणि उत्तराला किती वेळ लागला हे घड्याळ लावून मोजी. जेथे उत्तर अडखळले तेथे काही दडलेले आहे, असा त्याचा सिद्धांत. आमच्या फोनवर कोणी घड्याळ लावले असते तर 'घर' या शब्दापाशी त्याची किल्ली संपली असती!

कोड्याने ही अडचण दूर केली. आता सकाळी फोन आला की ती विचारते, "बाबा, तुमचे किती झाले?" माझे बहुधा दोन गट झालेले असतात. उरलेल्यांत बेसबॉलचे संघ तरी निघतात, नाही तर अमेरिकेतील मुले न्याहारीला जे खातात त्याची नावे. जो पदार्थ आपण आयुष्यात चाखला नाही त्याचे नाव ओळखता आले नाही, यात बुद्धीचा दोष कसला?

याच रागातून मी एके दिवशी मराठी कोडे रचिले. आपल्या भाषेत सामग्रीला तोटा नाही. एक 'पान' घ्या: ते विड्याचे, पुस्तकाचे, पत्त्यांचे आणि पंगतीतलेही. पण मी सामग्री आमच्या गावातलीच घेतली. या गावाने तर चार नावांचा एक गट स्वतःच पुरा करून ठेविला आहे: मलिक अंबराने १६१० साली वसविले ते खडकी, त्याच्या मुलाने केले ते फतेहनगर, मग औरंगाबाद, आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. माझे सोळा शब्द असे होते: दिल्ली, पैठण, मकाई, रोशन, पाट, कालवा, ओढा, चारी, हिमरू, मश्रू, किमखाब, पैठणी, आणि खडकी, नहर, भडकल, खुलताबाद. अर्थात क्रम उलटासुलटा करून.

पहिले चार आमच्या वेशीचे दरवाजे. भडकल हाही दरवाजाच, म्हणून तेथे पाय घसरावा. नहर पाण्याच्या गटात जाऊ पाहते. परंतु शेवटच्या चौघांचा धनी मलिक अंबर आहे: गाव त्याने वसविले, नहर त्याने आणली, भडकल दरवाजा त्याने बांधला, आणि खुलताबादेस त्याची कबर आहे. मी स्वतःवर फार खूष होतो.

मुलीने तासाभराने फोन केला. "बाबा, यात दापोडी कुठे आहे?"

मला काही उमजेना. मग ध्यानात आले. शिवाजीनगर, खडकी, दापोडी, कासारवाडी! ती पुण्याच्या लोकलची स्टेशने शोधीत होती. याच गावात जन्मलेली, भडकल दरवाजाखालून शाळेत गेलेली माझी मुलगी. तिच्या मनात 'खडकी' या शब्दाशेजारी मलिक अंबर उभा नव्हता, आगगाडी उभी होती. मी हसलो खरा, पण ते मला लागले. घराविषयीच्या तिच्या आग्रहाचा राग मला त्या दिवशी प्रथमच नीट कळला, आणि तितकाच तो ओसरलाही. वीस वर्षे ज्या गाडीने माणूस जातो-येतो त्या गाडीचा त्याच्या मनावर हक्क नाही, असे मी कोणत्या तोंडाने म्हणणार?

दुसऱ्या दिवशी तिने माझ्यासाठी कोडे रचून पाठविले. जाते, उखळ, खल, रगडा आणि पाटा असे पाच दगड त्यात होते; एक फसवा, हे उघडच दिसत होते. दोन चुका करून मी तीन गट लाविले. या खेळात शेवटचा गट फुकट मिळतो. बाकीचे लागले की उरलेले चार शब्द आपोआप एकत्र येतात, मग त्यांचे नाते कळो वा न कळो. माझे उरलेले चार होते: पाटा, शिवणयंत्र, गच्ची, दुपार.

पुष्कळ डोके खाजविले. शेवटी मी हार मानून विचारले.

"आई जिथे जिथे गायची," ती म्हणाली.

मी अडतीस वर्षे संसार केला. दुपारी मी शाळेत असे. आमच्या घरात कोणी गात होते हे मला ठाऊक नव्हते.

"काय गात असे?" मी विचारले. युंगचे घड्याळ त्या वेळी किती पळे चालले असते, सांगवत नाही. मग तिने फोनवर एक चाल हलकेच गुणगुणून दाखविली. ती मला ओळखीची वाटली नाही. मी तिला ती पुन्हा एकदा म्हणावयास सांगितले.