तीन चुली, एक किल्ला

किल्ला म्हटला की मान वर करून पाहायचे, ही आपली सवय. जर्मनीतल्या वियर्शेम या चिमुकल्या खेड्याचा किल्ला मात्र वाकून पाहावा लागतो. रानातली वाट खाली उतरते, एक वळण येते, आणि एल्ट्सचा किल्ला एकदम पायांखाली दिसू लागतो. तिन्ही बाजूंनी ओढा, मध्ये खडक, आणि खडकावर गर्दीत उभ्या राहिलेल्या माणसांसारखे एकमेकांना खेटलेले बुरूज.

या गर्दीचे कारण भाऊबंदकी! १२६८ साली तीन भावांनी वाटण्या केल्या. एकाच्या ढालीवर सोन्याचा सिंह, दुसऱ्याच्या रुप्याचा. तिसऱ्याच्या वाट्याला रेड्याची शिंगे आली. पण तिघांनीही किल्ला सोडला नाही. एकाच चौकाभोवती प्रत्येक शाखेने आपापली घरे चढवली. एके काळी शंभरापर्यंत माणसे तेथे नांदत. पंधराव्या शतकातच त्यांच्याकडे पावसाच्या पाण्याने धुतले जाणारे वीस शौचकूप होते. आमच्या वाड्यात पाच बिऱ्हाडांना दोन होते, आणि आमच्या निम्म्या भांडणांचे मूळ तेथेच होते, हे आपले जाता जाता सांगितले.

वाद त्यांच्यातही झाले असतीलच. पण हक्क कोणते, डागडुजी कोणी करायची, हे त्यांनी कागदावर लिहून ठेवले होते. १३३१ साली ट्रीअरचे आर्चबिशप बाल्डुइन यांनी समोरच्या टेकडीवर दुसरा किल्ला बांधून यांच्यावर दगडांचा मारा केला. पाच वर्षांनी स्वातंत्र्य गेले, घर राहिले. १६८९ साली फ्रेंच फौजा आसपासचे किल्ले फोडीत होत्या, तेव्हा याच कुळातला हान्स आंटोन फ्रेंचांकडे अधिकारी होता. त्याने किल्ला वाचवला. तो शिंगवाल्या शाखेचा. त्याची ती शाखा १७८६ साली खुंटली, आणि १८१५ साली सोन्याच्या सिंहवाल्यांनी उरलेला वाटा विकत घेतला. १९२० साली आग लागली, त्यांनी पुन्हा बांधले. आजही मालक तेच घराणे.

तिन्ही शाखा जेथे एकत्र बसत, त्या दिवाणखान्यात मी बराच वेळ रेंगाळलो. भिंतीवर विदूषकांची मुंडकी आहेत. त्यांचा अर्थ, येथे कोणीही मोकळेपणाने बोलावे. दारावर एक गुलाब कोरला आहे. त्याचा अर्थ, बोललेले बाहेर नेऊ नये.

आमच्या चौकात दादाने आणि मी मिळून भिंत घातली, त्याला अकरा वर्षे झाली. विटांचा खर्च निम्मा निम्मा. वाटणीच्या दिवशी मी दादाला जे बोललो, ते संध्याकाळच्या आत साऱ्या आळीला ठाऊक होते. आणि ते सांगणारा मीच होतो.

बाहेर येऊन किल्ल्याचे चित्र असलेले एक कार्ड घेतले. ओढ्याच्या पुलावर बसून पत्ता लिहिला. तो लिहिताना गंमत वाटली, कारण तो माझाच पत्ता होता, फक्त घरक्रमांकापुढे 'अ' होता. मग लिहिले, ‘ती. दादास, सा. न. वि. वि.’ पुढे काय लिहावे ते सुचेना. गाडीची वेळ होत आली होती. ते तेवढेच पेटीत टाकले.