थिजलेला हॉर्न

"या कॉन्सर्टला तू ऐकायला ये," आमचे बँडमास्तर म्हणाले. म्हणजे वाजवायला येऊ नकोस. गोड बोलून पत्ता कट!

मी पुण्याचा, सॉफ्टवेअरवाला, सध्या मुक्काम म्युनिकजवळच्या एका गावात. बव्हेरियात गावोगावी हौशी ब्रास बँड असतात. ऑफिस, वरण-भात आणि लॅपटॉप या रुटीनला कंटाळून तीन वर्षांपूर्वी मीही एका बँडमध्ये भरती झालो. सेकंडहँड फ्रेंच हॉर्न घेतला. शुक्रवारची प्रॅक्टिस म्हणजे आठवड्यातले असे दोन तास, जेव्हा मला कुणी डेडलाइन विचारत नाही. म्हणूनच ते वाक्य जाम लागलं.

तक्रार खरी होती. डिसेंबर लागला आणि मी लेट व्हायला लागलो. एक सूर संपायच्या आत दुसरा त्यात मिसळायचा. वाटलं, आपली बोटंच मंद. मग लीव्हर आणखी जोरात दाबायला लागलो. फरक शून्य!

शेवटी आमचे ट्यूबावाले आजोबा म्हणाले, "बोटं राहू दे, हॉर्न दाखव." त्यांनी दोन नंबरच्या व्हॉल्व्हची दोरी सोडली. लीव्हर एकदम फ्री. मग आतला रोटर बोटाने फिरवला, तर तो ढिम्म! "आजार आत आहे," आजोबा म्हणाले.

या व्हॉल्व्हचा फंडा सोपा आहे. पितळी घरात एक रोटर असतो. लीव्हर दाबली की तो पाव वळण घेतो आणि हवा जादा नळीतून जाते. दोन नंबरची नळी सूर अर्ध्या पट्टीने खाली आणते. व्हिएन्नाच्या योसेफ रीडल यांनी १८३५ मध्ये अशा फिरत्या व्हॉल्व्हचं पेटंट घेतलं. रोटर आणि घर यांच्यातली फट इतकी बारीक, की चुकीचं तेलसुद्धा पुरतं.

"तेल कुठलं घालतोस?"

मी गप्प. उन्हाळ्यात व्हॉल्व्हचं तेल संपलं, तेव्हा आईने दिलेलं खोबरेल घातलं होतं. तेल ते तेल! तेव्हा मस्त चाललंही. पण खोबरेल २४ अंशांच्या आसपास थिजतं, आणि माझा हॉर्न दिवसभर गाडीच्या डिकीत. थंडीत खोबरेलाची बाटली उन्हात ठेवत लहानाचा मोठा झालो, आणि हे सुचलं नाही!

आजोबांनी झाकण काढलं, मागचा स्क्रू दोन आटे सैल केला आणि त्यावर लाकडी हातोडीने हलकेच टकटक केलं. रोटर बाहेर आला, पांढऱ्या थरासकट. कोमट साबणाच्या पाण्याने धुतला, पुसला. बाकीचेही एकेक करून काढले. एकदम काढायचे नाहीत, कारण प्रत्येक रोटर आपल्याच घरात बसतो. मग रोटरला पातळ तेल, दोन्ही टोकांच्या बेअरिंगना जरा जाड. झाकणाखालच्या खुणा जुळवल्या, दोरी पुन्हा आठाच्या आकड्यात ओवली. लीव्हर दाबली. टक! सोडली. टक!

पुढच्या शुक्रवारी बँडमास्तरांनी दोन ओळी वाजवून घेतल्या. काही बोलले नाहीत. फक्त माझी नोटेशनची फाइल माझ्या स्टँडवर ठेवली. महिनाभर मी स्वतःला मंद म्हणत होतो. एकदा दोरी सोडून बघितलं असतं तर?

रात्री आईला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अरे, ते तेल डोक्याला लावायला दिलं होतं. डोकं थंड राहावं म्हणून, भोंगा नाही!"