विळी, सुरी आणि आईचे गुडघे

मंडळी, आज जरा वेगळा विषय. गेले तीन-चार वीकेंड मी सुऱ्यांच्या मागे लागलोय. सोमवारी ऑफिसात कुणी "काय केलंस शनिवार-रविवार?" विचारलं आणि मी "धार लावली" असं उत्तर दिलं की समोरचा दोन सेकंद गप्प होतो. मग "अच्छा" म्हणून कॉफी घ्यायला जातो.

स्वयंपाकघरातल्या सुरीवर आपल्याकडे कुणी फारसं बोलत नाही. मिक्सर घेताना वॉट मोजतो, फ्रिज घेताना तारे मोजतो, आणि सुरी? भांड्यांच्या दुकानात बिल करताना काउंटरवरच्या डब्यातून "ही पण एक टाका" म्हणून उचलतो. तीच पुढे दहा वर्षं रोज दोन वेळा हातात असते.

माझ्यापुरतं हे प्रकरण सुरू झालं ते आईच्या मेनूवरून. आमचं घर महाडला. मी महिन्यातून एकदा जातो. काही महिन्यांपूर्वी लक्षात आलं की ताटातले पदार्थ एकेक करून गायब होतायत. आधी कुयरीची भाजी गेली (कुयरी म्हणजे कोवळा फणस, शहरी वाचकांसाठी). मग केळफूल गेलं. सुरण गेला. कोबीसुद्धा बारीक चिरलेला येईना, जाड जाड तुकडे येऊ लागले. विचारलं तर म्हणे, "कंटाळा येतो रे आता." स्वयंपाकाच्या बाबतीत "कंटाळा" हा शब्द आईच्या तोंडून मी त्याआधी ऐकला नव्हता.

खरं कारण गुडघे. डॉक्टरांनी खाली बसायला मनाई केली, आणि खाली बसणं बंद म्हणजे विळी बंद. चाळीस वर्षं जिच्यावर हात बसला ती विळी भिंतीला टेकून उभी राहिली, आणि आई ओट्यापाशी उभी राहून एका बोथट सुरीने कांदा चेचायला लागली. चिरायला नाही, चेचायलाच. लोकांना वाटत होतं, वय झालं. मला वाटलं, हा हत्याराचा प्रश्न आहे, आणि तो सोडवता येईल.

आता विळीबद्दल थोडं, कारण ती समजल्याशिवाय आईला कुठली सुरी हवी हे कळणार नाही. आपण विळी म्हणतो, गोव्यात आदोळी, बंगालात बोटी. नाव काही असो, तत्त्व एकच: पातं स्थिर, भाजी हलते. पाट पायाखाली दाबलेला असतो, म्हणजे अख्ख्या शरीराचं वजन पात्याला धरून ठेवतं, आणि दोन्ही हात भाजीला मोकळे. सुरीत याच्या बरोबर उलट. एक हात भाजी धरण्यात जातो, दुसरा पातं हलवण्यात, आणि जोर येतो तो एकट्या मनगटातून. शिवाय विळीचं पातं वक्र असतं, त्यामुळे भाजी नुसती दाबली जात नाही, पात्यावरून सरकते. दाबण्यापेक्षा सरकवून कापायला कितीतरी कमी जोर लागतो. पिकलेला टोमॅटो सुरीने दाबून बघा आणि ओढून बघा, फरक लगेच कळेल. कुयरीसारखी चिकट, राठ वस्तू, तेलाचा हात लावून, विळीवर सहज फुटते. तीच ओट्यावर सहा इंची पातळ सुरीने कापणं म्हणजे भांडण.

तेव्हा ज्या बाईचे हात असे तयार झालेत तिला "आता सुरीने चिर" सांगणं म्हणजे उजवखोऱ्याला डाव्या हाताने सही करायला लावणं आहे.

घरात सुऱ्या नव्हत्या असं नाही. एका लग्नात आहेर म्हणून आलेला सहा सुऱ्यांचा सेट होता, लाकडी ठोकळ्यासकट. असल्या सेटबद्दल माझं मत स्पष्ट आहे: सहातल्या दोन वापरल्या जातात, उरलेल्या चार ठोकळ्याच्या शोभेसाठी. त्या सेटची अखेर २०२१ च्या पुरात झाली. २२ जुलै २०२१ ला महाडमध्ये सावित्री घुसली (वर महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूरवरून खाली येते, आणि तिकडे धो धो पडला की इकडे आमची झोप उडते). तळियेची दरड त्याच दिवशीची. आमच्याकडे नुकसान झालं ते वस्तूंचं, म्हणून त्याबद्दल मी तक्रार करत नाही. पाणी ओसरल्यावर घरात गुडघाभर चिखल होता. सेटमधल्या सुऱ्यांची पाती शाबूत होती, पण मुठीच्या फटींत चिखल जाऊन बसलेला, वासही जाईना. सगळा सेट टाकला. विळी मात्र चौथ्या दिवशी मोरीच्या कोपऱ्यात सापडली, वरपासून खालपर्यंत लालभडक गंजलेली. बाबा म्हणाले, टाकून दे. आईने चिंच आणि विटेचा चुरा घेऊन तासभर घासली, पुसली, खोबरेल लावलं. दुसऱ्या दिवशी तिच्यावर कांदा चिरला.

हे कसं जमलं? इथे थोडं इंजिनिअरिंग.

जुन्या विळीचं पातं साध्या कार्बन पोलादाचं असतं. लोखंडात थोडा कार्बन, पाऊण-एक टक्का धरा, की ते तापवून एकदम थंड केल्यावर कडक होतं. लोहार यालाच "पाणी देणं" म्हणतात. पण नुसतं पाणी दिलेलं पातं काचेसारखं ठिसूळ असतं. म्हणून ते परत थोडं तापवायचं, आणि रंग बघायचा: आधी गवताचा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. पिवळा सुमारे सव्वादोनशे अंशांना येतो, निळा तीनशेच्या आसपास. कुठल्या रंगावर थांबायचं यात सगळी विद्या. निळ्यापर्यंत गेलं तर पातं तुटणार नाही, पण धारही टिकणार नाही. असलं पोलाद गंजतं खरं, पण नुसत्या चार दिवसांचा गंज वरवरचा असतो, घासला की खाली पोलाद तसंच.

स्टेनलेस स्टील वेगळं. त्यात निदान साडेदहा टक्के क्रोमियम असतं, ते पृष्ठभागावर अतिशय पातळ थर धरतं आणि गंज अडवतं. शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीने १९१३ साली असलं पोलाद केलं, आणि सुऱ्या-काट्यांचं गाव असल्याने त्याला उपयोगही लगेच सुचला. स्वस्त स्टेनलेसचा दोष गंज नाही, मऊपणा आहे. रॉकवेल नावाच्या मापावर चांगली जर्मन सुरी ५६ ते ५८ भरते, जपानी ६० च्या पुढे. काउंटरवरच्या डब्यातली त्याच्या बरीच खाली असते. धार येते आणि आठवड्यात जाते.

इंटरनेटवरचे सुरीवेडे सरसकट सांगतात की कार्बन पोलादच घ्या. त्यांना जुलैत महाडला आणून ठेवायला हवं. इथे पावसाळ्यात मीठ डब्यात पाणी होतं, आगपेटी पेटत नाही. रात्री ओली ठेवलेली कार्बनची सुरी सकाळी तांबूस झालेली असते. शिवाय कैरी, चिंच, केळफूल यांना लोखंड लागलं की काळं पडतं, पातंही आणि भाजीही. तेव्हा रोजच्या कामाला चांगलं स्टेनलेस, ५६-५८ च्या आसपासचं. साठच्या वरची जपानी सुरी सुंदर असते, पण आमच्याकडे सुरीने नारळाची करवंटी उचकटायची पद्धत आहे, तिथे तिचा कपचा उडणार.

मग आईला काय दिलं? ती सुरी हातात कशी धरते ते एक दिवस नुसतं बघत बसलो. पाट-फळी काही नाही, हवेतच, धार स्वतःकडे, अंगठा पलीकडून टेकवलेला. तिच्या पिढीतल्या बऱ्याच बायका अशाच चिरतात. यूट्यूबवरचा शेफ हे बघून बेशुद्ध पडेल, पण लसूण, मिरची, भेंडी यांना ही पद्धत उत्तम आहे. अट एवढीच की पातं छोटं हवं, चारेक इंच, आणि धारदार हवं. बोथट सुरीला जोर लावावा लागतो आणि जोर लावलेली सुरी सटकली की अंगठ्यातच जाते. तर एक चार इंची. आणि कोबी, मेथी, कोथिंबीर, टाकळा यांच्यासाठी एक सहा इंची, रुंद पात्याची, जवळजवळ सरळ धारेची. जपानी लोक भाज्यांसाठी अशीच वापरतात, नाकिरी म्हणतात. सरळ धार फळीला पूर्ण टेकते, त्यामुळे मेथीच्या काड्या अर्धवट चिकटून राहात नाहीत. आठ इंची शेफ नाइफ मी दुकानात तिच्या हातात देऊन पाहिली. "ही काय सुरी आहे? तलवार आहे. ठेव परत." ठेवली. दोन्ही मिळून दीड हजाराच्या आत बसल्या.

खरी गंमत ओट्याच्या उंचीत होती. आमचा ओटा तेहेतीस इंचांचा, आई पाच फुटांची. त्यावर फळी ठेवली की तिचे खांदे वर येतात. चिरताना हात कोपरापेक्षा तीन-चार इंच खाली हवा. म्हणून चिरायचं काम जेवणाच्या टेबलावर हलवलं, खुर्चीत बसून. गुडघ्यांचा प्रश्न त्यातच सुटला. फळीला मात्र तिचा आठवडाभर विरोध होता. "ताटात चिरलं की झालं. ही एक जादा वस्तू धुवायची." स्टीलच्या ताटावर पात्याची कड दुमडते. काच आणि ग्रॅनाइटवर त्याहून लवकर. लाकडी फळीच हवी. शेवटी धारेच्या नावाने नाही, तर "खडखड आवाज होत नाही" या मुद्द्यावर फळी मंजूर झाली. :)

कुयरीचं काय? त्याला ना ही सुरी चालत ना ती. त्यासाठी बाबा आणि मी पोलादपूरच्या बाजूला गेलो. पोलाद आणायला पोलादपूर, हा विनोद गाडीत बाबांनी केला आणि मी हसलो, कारण तो दरवेळी होतो. महाडहून अर्धा-पाऊण तास. तिथले एक लोहारकाका भातकापणीचे विळे आणि कोयते करतात. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "कुणाच्या हाताला?" आईच्या, सांगितलं. "उजवी का डावरी?" मग, "उंची केवढी?" एवढे प्रश्न मला सुरीच्या कुठल्याच दुकानात विचारले नव्हते. जुना कमानपाटा घेतला (ट्रकच्या चाकावरचा, त्यातलं पोलाद दणकट असतं), त्याची आखूड, हलकी कोयती केली. पाणी देताना भट्टीपुढचा उजेड मुद्दाम कमी ठेवला होता, रंग नीट दिसावा म्हणून. माझ्याकडे तापमान मोजायचं यंत्र असतं तर मी त्यांना आकडा सांगितला असता. त्यांना तो नको होता.

धारेबद्दल सांगून थांबतो. सायकलवाला धारवाला आला की ठिणग्या बघायला मजा येते, पण कोरड्या चाकावर पातळ कड तापते, निळी पडते, आणि वर सांगितलेलं सगळं पाणी उतरतं. घरी हजार ग्रिटचा दगड ठेवा. दहा मिनिटं पाण्यात भिजवा. सुरीची पाठ किती उचलायची याचं साधं त्रिकोणमितीचं गणित: पातं चाळीस मिलिमीटर रुंद असेल आणि १५ अंश हवे असतील तर पाठ दगडापासून दहा मिलिमीटर वर. एका बाजूने घासत राहायचं, दुसऱ्या बाजूला बोटाला बारीक खरखर लागेपर्यंत. मग बाजू बदला. दगड नसेल तर चिनी मातीचा कप उलटा करा, त्याच्या बुडाची चकाकी नसलेली कड वेळेला पुरते. आईला हे दाखवलं तर म्हणाली, "आम्ही पाट्यावर परजत होतो, तेच हे." तेच ते, पाट्याचा दगड जरा जाडाभरडा एवढंच.

महिन्यातून एकदा मी गेलो की दगड भिजत घालतो. कुयरी झाली, केळफूल झालं, सुरणाचे काप परवाच झाले.

राहिली विळी. बाबांनी सुचवलं होतं की तिचं पातं काढून लोहारकाकांकडून त्याचीच सुरी करून घेऊ, पोलाद चांगलं आहे. आईने ऐकून घेतलं आणि "विळीला हात लावायचा नाही" एवढंच म्हणाली. तिच्या टोकाची खवणी अजून चालू आहे. नारळ खवायला आता बाबा बसतात, त्यांचे गुडघे ठीक आहेत. आई टेबलापाशी खुर्चीत, कोथिंबीर चिरत, मान न वळवता सांगते, "अहो, काळं येऊ देऊ नका त्यात."