खालची पायरी

उत्कर्षाच्या कथा सर्वांनाच ऐकाव्याशा वाटतात. शून्यातून वर आलेल्या माणसाचा सत्कार होतो, वर्तमानपत्रात त्याचा फोटो येतो. पण घसरणीची कथा कोण सांगणार? मला तशीच एक कथा सांगावयाची आहे, आणि तीही एका फुटबॉल संघाची. हा काही मुलींचा विषय नव्हे, असे आमच्या गल्लीतील काही जण म्हणतात. परंतु कोल्हापूर इतके जवळ असताना आमच्या इचलकरंजीच्या घरात हा खेळ शिरला नसता तरच नवल! आमच्याकडे तो दादाच्या मोबाईलमधून शिरला.

इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये वीस संघ असतात. हंगामाच्या अखेरीस तळाचे तीन संघ खालच्या गटात ढकलले जातात आणि खालच्या गटातील तीन वर येतात. मोठे नाव, जुनी परंपरा, भरलेले मैदान यांपैकी काहीही तिथे उपयोगी पडत नाही. गुण मोजले जातात, बस्स!

लेस्टर सिटी हा असाच एक संघ. २००८ साली तो घसरत घसरत तिसऱ्या गटात गेला होता. पुढच्याच वर्षी तो दुसऱ्या गटात परतला, २०१४ साली सर्वोच्च गटात आला आणि २०१६ साली चक्क अजिंक्य ठरला. हंगामाच्या आरंभी त्याच्या विजयावर एकास पाच हजार असा भाव होता म्हणतात. त्या संघाचा जेमी वार्डी एके काळी कारखान्यात काम करून स्टॉक्सब्रिजच्या लहानशा संघातून खेळत असे. पायऱ्या होत्या, म्हणून माणूस चढला आणि संघही चढला.

त्यानंतर सातच वर्षांनी, २८ मे २०२३ रोजी, याच लेस्टरच्या भवितव्याचा शेवटचा सामना होता. लेस्टरने वेस्ट हॅमला २-१ असे हरवले. पण त्याच वेळी दुसऱ्या मैदानावर एव्हर्टनने बोर्नमथवर १-० अशी मात केली. एव्हर्टनचे गुण झाले ३६, लेस्टरचे ३४. वर्षभरात लेस्टरने ५१ गोल केले होते, एव्हर्टनने अवघे ३४. तरीही एव्हर्टन तरले आणि लेस्टर बुडाले. गोल करणे आणि गोल अडवणे या दोन निराळ्या विद्या आहेत. लेस्टरने ६८ गोल खाल्ले होते.

मोबाईलच्या पडद्यावर माणसे रडताना दिसत होती. मागावरची दिवसपाळी संपवून आलेले आप्पा भिंतीला टेकून पाहत होते. त्यांनी विचारले, "काय रं, आता ही टीम मोडणार?"

दादा म्हणाला, "न्हाई आप्पा. खालच्या लीगमध्ये खेळायची. जिंकली तर परत वर."

"मग रडत्यात कशाला?"

आप्पांचा हा प्रश्न मला हसण्यावारी नेता आला नाही. त्या लोकांचे दुःख खोटे नव्हते. त्याच उन्हाळ्यात मॅडिसन टॉटनहॅमला गेला, बार्न्स न्यूकॅसलला गेला. उभारलेला संघ विस्कटला. पण खाली पडणाऱ्या संघाला दूरचित्रवाणीच्या उत्पन्नातील काही हिस्सा, दरसाल कमी होत जाणारा, तीन वर्षांपर्यंत मिळू शकतो. त्या रकमेला तिकडे 'पॅराशूट' म्हणतात. लेस्टर २०२४ साली ९७ गुण मिळवून वर आले आणि २०२५ मध्ये पुन्हा खाली गेले.

आता आपल्याकडचे एक उदाहरण पाहा. पंजाबातील फगवाड्याच्या जेसीटी कापडगिरणीचा संघ १९९६-९७ च्या पहिल्या राष्ट्रीय फुटबॉल लीगचा विजेता होता. २०११ साली तो आय-लीगमधून खाली घसरला आणि त्याच वर्षी गिरणीने संघच बंद केला. घसरण दोघांचीही झाली. परंतु एकाला खालची पायरी पायाखाली सापडली, दुसऱ्याचा कडेलोट झाला.

दादा दहावीला एकाच विषयात नापास झाला होता. फेरपरीक्षा असते हे आमच्या घरात कुणाला ठाऊक नव्हते असे नाही. पण त्याच महिन्यात कारखान्यात एक जागा रिकामी झाली आणि दादा आप्पांच्या शेजारी मागावर उभा राहिला. फॉर्म भरण्याची तारीख आली, तेव्हा त्याची रात्रपाळी चालू होती. पायरी कागदावर होती. तिच्यावर पाय ठेवण्यापुरती सवड मात्र नव्हती. आज माझी फी त्याच्या पगारातून जाते. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. हे लोक मला भाग्यवान म्हणतात, ते खरेच आहे. पण दादा माझ्यापेक्षा कमी हुशार होता, असे कुणी म्हटले तर मी ते ऐकून घेणार नाही.

आपल्याकडे एटीकेटीची थट्टा फार होते. कट्ट्यावर त्या शब्दावर हशा पिकतो. मला तो शब्द आताशा निराळा वाटू लागला आहे. राहिलेले विषय घेऊन पुढच्या वर्गात बसता येते, ही केवढी मोठी सोय! तरीही प्रथम वर्षाचा निकाल लागल्यावर आमच्या वर्गातील दोन मुली परत आल्या नाहीत. त्यांना एटीकेटी होती. म्हणजे नियमाने त्यांची जागा शाबूत होती. त्यांच्या घरी मात्र निकालाचा अर्थ 'संपले' असा लावला गेला. एकीचे लग्न ठरल्याचे कानावर आले. दुसरीच्या घरचा पत्ता मला माहीत आहे. परीक्षेचे फॉर्म सुटण्यापूर्वी तिच्या आईला भेटून, ही टीम अजून मोडलेली नाही, एवढेच मला सांगावयाचे आहे.