आधी नकाशा काढा

मांजराची तक्रार घेऊन कुणी आलं की मी त्यांना घराचा नकाशा काढायला सांगते. बिल्डरच्या ब्रोशरमधला नको, वहीच्या पानावर हातानं काढलेला. मांजर झोपतं कुठं, खातं कुठं, कुठल्या खिडकीत बसतं आणि शू जिथं जिथं केली तिथं फुली. लोकांना हे विचित्र वाटतं. ते एकतर औषध मागायला आलेले असतात, नाहीतर न्याय. "मुद्दाम करतो हो हा. मी माहेरी जाऊन आले ना, त्याचा राग. नेमकी माझीच उशी!"

एक तक्रार मात्र नकाशासाठी थांबवायची नाही. बोका सारखा ट्रेमध्ये जाऊन कुंथतोय, ओरडतोय आणि थेंबभरच किंवा काहीच होत नाही, असं असेल तर त्याच रात्री दवाखाना गाठायचा. बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते. खडे किंवा चिकट बोळा अडकून ती तुंबली की रक्तातलं पोटॅशियम वाढत जातं आणि एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. एरवीही वागणुकीचा विचार लघवी तपासल्यानंतरच. पुष्कळदा तिच्यात जंतू सापडतच नाहीत. घरात काही बदललं, ताण आला, की काही मांजरांच्या मूत्राशयाला सूज येते. माहेरी जाऊन येण्याचा संबंध असलाच तर इथं असतो, रागाशी नाही. आणि उशी मऊ असते, ओल शोषते. दुखत असलेल्या मांजराला तेवढं कारण पुरतं.

मग फुल्या बघायच्या. त्या भिंतीवर, दाराच्या चौकटीवर, पडद्याच्या खालच्या टोकाला असतील तर बोका उभ्यानं, शेपूट थरथरवत फवारा मारतोय. हे लघवीला जाणं नव्हे, हद्दीची खूण. नसबंदी केली की बहुतेक बोक्यांचं हे थांबतं, पण दहातला एखादा त्यानंतरही सोडत नाही. अशा घरात खिडकीबाहेर दुसरा बोका येतो का, ते आधी विचारायचं.

फुल्या जमिनीवर आणि गादीवर असल्या तर मांजर बसून करतंय, म्हणजे भांडण ट्रेशी आहे. पुण्याच्या फ्लॅटमध्ये ट्रे हमखास ड्राय बाल्कनीत सापडतो, वॉशिंग मशीनला खेटून. मशीन स्पिनला लागून धडधडतं तेव्हा मांजर ट्रेमध्ये बसलेलं असलं, तर ते पुन्हा तिथं का जाईल? त्यात ट्रेला झाकण, आणि लिटर लॅव्हेंडरच्या वासाचं. तो वास आपल्यासाठी. मांजराचे पूर्वज पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेच्या कोरड्या मुलखातली रानमांजरं. बिनवासाची बारीक वाळू पायाखाली लागली की त्याला पटतं. ट्रे त्याच्या अंगाच्या दीडपट लांब हवा आणि मांजरं जितकी त्याहून एक ट्रे जास्त. वन बीएचकेत हे सांगताना माझाही आवाज जरा खाली येतो.

पुसायला फिनेल वापरू नका. काळ्या फिनेलमध्ये फेनॉलच्या जातीची रसायनं असतात आणि ती निकामी करण्याची ताकद मांजराच्या यकृतात फारच कमी. ओल्या फरशीवरून चालून ते पंजे चाटतं. शिवाय फिनेलनं आपल्या नाकापुरताच वास झाकला जातो. मांजराला जागा सापडायची ती सापडतेच. एन्झाइमवालं क्लीनर महाग पडतं, पण काम करतं.

सोफा ओरबाडण्याचं त्यामानानं सोपं. नखांचं जुनं कवच उतरवायचं असतं, पाठ ताणायची असते, पंजांतल्या ग्रंथींचा वास लावायचा असतो. सोफ्याला लागूनच, अडगळीत नव्हे, कंबरेइतका उंच, न डगमगणारा खांब उभा करा आणि त्याला सुंभ गच्च गुंडाळा. पहाटे उठवणाऱ्या मांजराला रात्री दमेपर्यंत खेळवा, मग खायला द्या. आणि पहाटे ओरडलं म्हणून उठून वाटी भरू नका, एकदाही नाही.

"काही कारण नसताना पोरीला चावली," या तक्रारीतही मी नकाशातली खिडकीच आधी बघते. बाहेरच्या कठड्यावर परकी मांजर येते, आतली फुगते, फिस्कारते, तिच्यापर्यंत पोचता येत नाही आणि तेवढ्यात जी पोटरी शेजारून जाईल तिच्यावर झडप पडते. अशा वेळी उचलून समजूत घालायला जायचं नाही. अंधाऱ्या खोलीत काही तास एकटं सोडायचं. काचेच्या खालच्या भागाला कागद लावायचा.

एवढं सगळं पटवून झाल्यावर खरी अडचण निघते. नकाशात ट्रेसाठी उत्तम जागा बहुधा हॉलचाच एखादा कोपरा असतो. सासूबाई म्हणतात, पाहुणे काय म्हणतील? मी सांगते, पाहुणे यायचे असतील तेव्हा ट्रे आणि मांजर दोघांनाही बेडरूममध्ये न्या. नुसता ट्रे उचलून बाल्कनीत ठेवू नका.