मिल बंद, झांकी चालू

इंदूरला अनंत चतुर्दशीच्या रात्री कोणी झोपत नाही. गेल्या गणपतीत घरी गेलो होतो, तेव्हा काकांबरोबर झांक्या बघायला गेलो. हुकुमचंद, मालवा, राजकुमार, कल्याण, स्वदेशी... एकेका मिलच्या नावाचे, दिव्यांनी लखलखणारे देखावे रात्रभर रस्त्यावरून जात होते. आपण मुंबईकडे ‘गिरणी’ म्हणतो, इथे सगळे ‘मिल’च म्हणतात. या मिल कधीच्याच बंद पडल्यात. कापड निघत नाही, पण कामगारांची झांकी मात्र अजून निघते!

दुसऱ्या दिवशी पोहे-जलेबी खाऊन काका म्हणाले, “चल, तुला आमचा एरिया दाखवतो.” काका ऐन तारुण्यात साचेखात्यात होते, म्हणजे मागांवर. हुकुमचंद मिलच्या भिंतीपाशी आलो, तर वर फक्त झाडांचे शेंडे दिसत होते.

मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. काही वर्षं मुंबईत लोअर परळला, एका जुन्या गिरणीच्या आवारातल्या ऑफिसात काम केलंय. त्यामुळे अशा जागा किती कामाच्या असतात ते मला ठाऊक आहे. जुन्या विणकाम शेडचं छप्पर करवतीच्या दात्यांसारखं असतं आणि काचा उत्तरेकडे. ऊन थेट आत येत नाही, उजेड मात्र दिवसभर सारखा राहतो. विणकराला तुटलेला धागा दिसावा म्हणून केलेली ही सोय. स्क्रीनवर चमक नको असलेल्या आम्हालाही तीच हवी असते. उंच छत, जाड भिंती, मोकळी जमीन. एकच अडचण, आवाज घुमतो. त्यासाठी छताला आवाज शोषणारे पॅनल लावावे लागतात.

हे सगळं मी उत्साहाने सांगत होतो. काकांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “तुझ्या त्या ऑफिसच्या जागेवर आधी कोण होतं, माहीत आहे का?”

मला माहीत नव्हतं. १९८२ च्या संपात मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले होते, हे वाचलं होतं. पण मी ज्या खांबाशी टेबल लावून बसायचो, तिथे कोणता माग होता, कोण उभं राहायचं, हे चार वर्षांत कधी कुणाला विचारलं नाही. आवारात तशी एक पाटीसुद्धा नव्हती.

हुकुमचंद मिल १९९१-९२ च्या सुमारास बंद पडली. सुमारे ४,८०० कामगारांच्या देण्यांचा २२४ कोटींचा धनादेश निघाला तो २५ डिसेंबर २०२३ ला. तीस वर्षांहून जास्त काळ! तोवर कित्येक जण गेले होते. आता या जमिनीवर नवं बांधकाम व्हायचं आहे.

इंदूरला हे बदल नवे नाहीत. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी खंडवा-इंदूर रेल्वेसाठी इंग्रजांना १ कोटीचं कर्ज दिलं आणि माळव्याच्या कापसाला वाट मिळाली. आज सुपर कॉरिडॉरवर आयटी कंपन्यांचे कॅम्पस उभे आहेत. आपल्यातली बरीच मुलं तिथे जातात. उद्या एखाद्या जुन्या मिलमध्ये ऑफिस झालं, तर मी आनंदाने तिथे बसेन. पण क्रम चुकता कामा नये. आधी कामगाराचं देणं, मग इमारतीची डागडुजी. आणि दारात एक फलक, इथे कोण काम करत होतं ते सांगणारा.

परतताना काकांना म्हटलं, “तुम्ही सांगा, मी टाइप करतो. खाती, पाळ्या, जोडीदारांची नावं, सगळं.”

“सगळं?” काका हसले. “मग सुट्टी वाढवावी लागेल तुला.”

दोन दिवस वाढवली. वीस पानं झालीत, अजून पहिली पाळीच चालू आहे. तुमच्याही घरात असे कोणी काका, आजोबा असतील, तर या दिवाळीत त्यांच्याजवळ बसा.